मुलाखती ऐकून ऐकून मलाच त्रास व्हायला लागलाय, संशोधन चालू ठेवू कसं?

खाडीपलीकडची:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी समाजकार्यात पीएचडी करतेय. विषय आहे दर्यात बेपत्ता झालेल्या खलाशांच्या घरच्या बायका. म्हणजे माणूस बोटीवर गेला, वादळात किंवा अपघातात सापडला, परत आला नाही आणि बॉडीही मिळाली नाही, अशी घरं. दापोली, गुहागर, रत्नागिरी या पट्ट्यात फिरते. काही घरं नोव्हेंबर २००९ च्या फयान वादळातली आहेत, काही नंतरच्या अपघातांतली. गावांची नावं मुद्दामच लिहीत नाहीये.

विषय माझ्या आवडीचा आहे आणि यावर कोणीतरी काम करायला पाहिजे असं मला अजूनही मनापासून वाटतं. पण गेले काही महिने मला झेपेना झालंय. एका घरी बाई बोलता बोलता उठल्या, फळीवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला, त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद, पोलीस स्टेशनातली मिसिंगची नोंद, मत्स्य खात्याला दिलेले अर्ज, त्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स, रेशनकार्ड ज्यावर त्याचं नाव अजून आहे. एकेक कागद लादीवर ओळीने मांडला आणि मला म्हणाल्या, आता तूच सांग, मी सवाष्ण आहे की नाही, हळदीकुंकवाचं बोलावणं आलं तर जाऊ की नको जाऊ? मी काय सांगणार होते.

आणि ते तिथेच संपत नाही. टाइप करायचं काम मी रात्री करते कारण दिवसा घरात गडबड. हेडफोन लावायचे आणि तेच वाक्य मागे घेऊन घेऊन ऐकायचं, मागे कुकरची शिट्टी, कोंबड्या, मध्येच त्यांचा आवाज थांबतो तिथे किती सेकंद गप्प होत्या तेही लिहायचं. आता झोपेत पण ते चालू असतं. भाऊ जयगडला कामाला आहे, त्याला यायला जरा उशीर झाला की मी फोनवर फोन करते, तो वैतागलाय. वारा सुटला की छातीत धडधडतं. आणि कधी कधी एकदम उलटं होतं. परवा एक आजी माझ्यासमोर रडत होत्या आणि माझं सगळं लक्ष रेकॉर्डरची बॅटरी किती उरलीय त्याकडे. काहीच वाटलं नाही मला. त्याचीच जास्त भीती वाटली.

गाईडना सांगून बघितलं. म्हणाले, विषय तूच निवडलास ना, मन खंबीर ठेवायला शिक, आणि लगेच किती मुलाखती राहिल्यात ते विचारलं. घरी बोलता येत नाही कारण नाव कुठे सांगणार नाही असा शब्द दिलाय, आणि आमच्याकडे नाव नको, नुसतं बाईचं वय आणि किती पोरं एवढं सांगितलं तरी आई ओळखेल कोण ते.

विषय बदलू का? का थोडे दिवस थांबू? अशा विषयांवर काम केलेलं कोणी असेल तर प्लीज सांगा तुम्ही कसं करता.

वाशिष्ठीकाठ:

विषय बदलायचा विचार आत्ताच नको, अशा मनःस्थितीत एवढा मोठा निर्णय घेऊ नये. वेळापत्रक मात्र आजच बदल.

मी संस्थेत काम करते, चिपळूणला. २२ जुलै २०२१ चा पूर आला त्यानंतर घरोघरी जाऊन माहिती घ्यायच्या कामात होते, त्याच दिवशी तिकडे महाडजवळ तळियेची दरड कोसळली होती, आमच्यातल्या काही जणी तिकडच्या कुटुंबांबरोबर पण होत्या. आमच्या ताईंनी पहिल्या दिवसापासून नियम घातले होते आणि ते कोणालाही मोडू दिले नाहीत. जिथे माणूस गेलंय अशा घरी एकटीने जायचं नाही, जोडीने जायचं. असं घर दिवसाला एकच. मुलाखत झाली की तशीच धावत एसटी पकडायची नाही, जोडीदारणीबरोबर कुठेतरी टेकायचं, चहा घ्यायचा, आणि तेव्हा त्या घराबद्दल बोलायचं नाही, तुला आत्ता कसं वाटतंय एवढंच एकमेकीला विचारायचं. संध्याकाळी ताईंचा फोन यायचाच, आणि फॉर्म किती भरले हा प्रश्न त्या फोनवर कधीच नसायचा, तो सोमवारच्या मीटिंगला असायचा. हे दोन वेगळे ठेवणं मला आजही फार महत्त्वाचं वाटतं. ज्याच्याकडे हिशोब द्यायचा त्याच्याकडेच मन मोकळं करा म्हटलं तर कोण करेल.

तुझ्या केसमध्ये मला सगळ्यात जास्त खटकतंय ते रात्रीचं टायपिंग. ते आज थांबव. मुलाखतीत बाई समोर असते, ती पदर सारखा करते, मध्येच हसते, पाणी देते, आपण पण काहीतरी बोलतो. हेडफोनमध्ये नुसता आवाज कानात आणि तू काहीच करू शकत नाहीस, त्यात रात्र, त्यात एकटी. दिवसा कर, कॉलेजच्या लायब्ररीत किंवा कुठेतरी माणसांत बसून, थोडं थोडं, आणि मध्ये उठून अंगाचं काहीतरी काम कर. शक्य असेल तर अर्ध्या रेकॉर्डिंगचं टायपिंग दुसऱ्या कोणाकडून पैसे देऊन करून घे, गोपनीयतेचं पत्र सही करून घेऊन, आणि ते माणूस त्या तालुक्यातलं नको.

अजून एक, फयानवाल्या घरी नोव्हेंबरात जाऊ नकोस, त्या स्वतः म्हणाल्या तर गोष्ट वेगळी. नारळी पौर्णिमेच्या आसपास पण नको. त्या दिवसांत अख्खं गाव किनाऱ्यावर असतं आणि त्या घरात काय चाललेलं असतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहिती.

मोकळं_अंगण:

मी समुपदेशक आहे, रत्नागिरीत. तुमचं लिहिलेलं वाचून पहिल्यांदा हेच सांगावंसं वाटलं की यात तुमच्या खंबीरपणाचा काही प्रश्न नाही. दुसऱ्याच्या आघाताच्या गोष्टी पुन्हा पुन्हा, खोलात जाऊन ऐकणाऱ्या माणसावर त्याचा परिणाम होतो हे मानसशास्त्रात नीट अभ्यासलं गेलंय. १९९० मध्ये मॅकॅन आणि पर्लमन या दोघींनी थेरपिस्ट लोकांमध्ये हे मांडलं, व्हायकेरियस ट्रॉमा म्हणतात त्याला. पुढे २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन पुस्तकात तर कामाचा भाग म्हणून भयंकर तपशिलांना वारंवार सामोरं जाणं हे सुद्धा पीटीएसडीच्या, म्हणजे आघातानंतर होणाऱ्या मानसिक आजाराच्या, निकषात धरलंय. तुम्हाला पीटीएसडी झालाय असं मी अजिबात म्हणत नाहीये, ते इथे बसून कोणी सांगू पण नये. पण वाऱ्याने धडधडणं, भावाची सतत काळजी, झोपेत तेच येणं, हे सगळं त्याच रस्त्यावरचं आहे. आणि आजी रडताना काहीच न वाटणं हे सुद्धा. तुम्ही निर्दय झाला नाहीत हो, मन दमलं की असं दार लावून घेतं, ती सगळ्यात जुनी सवय आहे मनाची.

तुमच्या विषयात एक जास्तीची गोष्ट आहे. पॉलीन बॉस नावाच्या अमेरिकन संशोधक आहेत, त्यांनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांवर काम केलं आणि अँबिग्युअस लॉस ही कल्पना मांडली. माणूस गेला असंही म्हणता येत नाही आणि आहे असंही म्हणता येत नाही, त्यामुळे शोक सुरूच होत नाही, अडकून राहतो. आता विचार करा, अशी गोष्ट ऐकणाऱ्याचं काय होत असेल. दरडीत किंवा पुरात माणूस गेल्याची गोष्ट कितीही भयंकर असली तरी तिला सहसा शेवट असतो. तुम्ही ऐकताय त्यांना शेवटच नाही, त्यामुळे तुमचं मन पण त्या घरातल्या माणसांसारखंच वाट बघत बसलंय. भावाला तुम्ही जे फोन करताय ना, ते तेच आहे.

म्हणून मुलाखतीला तरी शेवट द्या. शेवटची दहा-पंधरा मिनिटं प्रश्न बंद करायचे, रेकॉर्डर त्यांना दाखवून बंद करायचा आणि बोलणं आजवर आणायचं. धाकटा कितवीला आहे, आज बाजारात काय भाव मिळाला, संध्याकाळी काय करणार. याने त्या बाईंना पण उठून कामाला लागता येतं आणि तुम्हाला पण पाय बाहेर काढता येतो. घरी गेल्यावर कपडे बदलून आंघोळ, मग जेवण, आणि फील्डची वही त्या रात्री उघडायची नाही.

गोपनीयतेचं म्हणाल तर मनावर काय झालं ते सांगायला नावगाव लागत नाही. "आज एका घरी कागद बघितले आणि तेव्हापासून घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय" एवढं बोललं तरी पुष्कळ होतं. ते ओळखीच्यांत नको वाटत असेल तर टेली मानसचा नंबर आहे १४४१६, सरकारी आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. झोप आणि ते धडधडणं बरेच आठवडे चालू आहे असं दिसतंय, तेव्हा एकदा प्रत्यक्ष पण दाखवा. सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी असते, आणि रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहेच. त्या गेटातून आत जाताना कोणी बघितलं तर काय म्हणेल हा विचार आपल्याकडे फार होतो, मला रोज दिसतो. ओपीडीत साध्या झोपेच्या तक्रारीसाठी येणारी माणसं पण खूप असतात.

सर्व्हेवाला६२:

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. आयुष्यभर फील्डवर काम केलं, दुष्काळ, साथी, सगळं बघितलं. आमच्या वेळी असं काही कोणी विचारत नव्हतं आणि कामं झाली. त्या बायकांनी नवरा गमावला, त्यांचं दुःख ते खरं दुःख. आपण तिथे चार तास बसून येतो आणि मग आपल्याला त्रास झाला म्हणतो हे मला बरोबर वाटत नाही. थोडं अंतर ठेवायला शिकलं पाहिजे. डॉक्टर प्रत्येक पेशंटबरोबर रडत बसला तर ऑपरेशन कोण करणार.

माजी_मास्तर:

सर्व्हेवाला६२, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून सांगतो, मला हे पटत नाही. दुःख कोणाचं मोठं ही मोजामोजी इथे नाहीच. त्या ताईंनी कुठेही आपलं दुःख त्या बायकांच्या बरोबरीला बसवलेलं नाही. आणि डॉक्टरला अंतर ठेवता येतं ते वर्षानुवर्षांच्या ट्रेनिंगने, शिवाय ड्युटी संपली की दुसरा डॉक्टर येतो. पीएचडीच्या पोरीला यातलं काय मिळतं?

मी पण गाईड म्हणून काम केलंय म्हणून दुसऱ्या बाजूने बोलतो. हे नुसतं मायेचं बोलणं नाही, संशोधनाच्या दर्जाचा प्रश्न आहे. दमलेला संशोधक काय करतो ते मी वाचलेल्या मुलाखतींत मला दिसलेलं आहे. बाई एक वाक्य बोलून थांबते, तिथे जरा वाट बघितली असती तर ती पुढचं बोलली असती, पण विचारणाऱ्यालाच ते पुढचं ऐकायचं नसतं म्हणून तो घाईने दुसरा प्रश्न टाकतो. किंवा पटकन धीर द्यायला लागतो, होईल हो सगळं ठीक, आणि मुलाखत तिथेच मरते. विश्लेषणात पण जी रेकॉर्डिंग नको वाटतात ती मागे राहतात. म्हणजे ज्यांचं दुःख सगळ्यात जास्त त्यांचाच आवाज प्रबंधातून गळतो. आपल्याला त्या बायकांशी प्रामाणिक राहायचं असेल तर ऐकणारं माणूस शाबूत पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने घरगुती हिंसाचाराच्या संशोधनासाठी २००१ मध्ये सुरक्षिततेची मार्गदर्शक तत्त्वं छापली, त्यात टीममधल्या प्रत्येकाला खास प्रशिक्षण आणि काम चालू असेपर्यंत सतत आधार मिळाला पाहिजे असं तत्त्व म्हणूनच घातलंय. विषय वेगळा असला तरी तुमच्या अर्जात आधार म्हणून हे दाखवता येईल. कारण तुम्ही आता एक कागद करायचा आहे. गाईडना तोंडी सांगितलंत, आता लेखी द्या, तक्रारीच्या सुरात नको, योजनेच्या सुरात द्या. मुलाखतींमधलं अंतर वाढवणार, टायपिंगसाठी मदत घेणार, महिन्यातून एकदा समुपदेशकाकडे जाणार, आणि या सगळ्यामुळे फील्डवर्क इतके महिने लांबेल. एथिक्स कमिटीकडे, म्हणजे संशोधनात कोणाला इजा होणार नाही ना हे तपासणाऱ्या समितीकडे, मूळ प्रस्ताव गेला असेलच, त्याला दुरुस्ती म्हणून हे जोडा. बहुतेक प्रस्तावांत सहभागी लोकांना होणाऱ्या त्रासावर पानभर लिहिलेलं असतं आणि संशोधकाला होणाऱ्या त्रासाची एक ओळ नसते. ती ओळ लिहून घेणं हे गाईडचं काम आहे, विद्यार्थ्याने मागायची वेळच येता कामा नये. या बाबतीत मला गाईड मंडळींचा राग येतो, स्पष्टच बोलतो.

आणि किती राहिल्यात या प्रश्नाला घाबरू नका. गुणात्मक अभ्यासात आकडा गाठणं हे ध्येय नसतं. नवीन घरी जाऊन नवीन काही हाती लागेनासं झालं की थांबता येतं. आहेत त्या मुलाखतींचं आधी नीट वाचन करा, कदाचित तुम्हाला वाटतंय तेवढ्या उरल्याही नसतील.

बंदरावरचा:

मी दुसऱ्या बाजूचा. आमच्या घरातला माणूस असाच गेलेला, माझा काका. म्हणून लिहितो.

असं कोणी विचारायला आलं की काकूला आधी बरं वाटतं. एवढ्या वर्षांनी कोणीतरी त्याचं नाव घेऊन विचारतंय, गावात तर आता त्याचं नाव कोणी काढत नाही तिच्यासमोर, चुकून निघालं तर विषय बदलतात. मग माणूस गेला की दोन दिवस ती गप्प असते. आम्हाला कळतं. पण त्याबद्दल ती कोणाला दोष देत नाही. राग येतो तो परत कोणी न आल्याचा. कागद भरून नेतात, फोटो काढतात, पुढे काय झालं देव जाणे. तेव्हा ताई एक करा, रेकॉर्डर न घेता एकदा नुसत्या भेटायला जा. बसा, चहा घ्या, या. तुमचं पण मन हलकं होईल, कारण तुम्हाला दिसेल की त्या बायका दिवसभर रडत नसतात. आमची काकू मासळीच्या लिलावाला उभी राहिली की भल्याभल्यांना भाव पाडू देत नाही. तुम्ही फक्त त्या एका तासातली बाई बघताय आणि तीच घेऊन घरी जाताय.

रडू आलं तर येऊ द्या, लपवू नका, आमच्या बायकांना ते लगेच कळतं. फक्त तुम्हाला सावरायचं काम त्यांच्यावर पडेल इतकं नको. आणि खोटी आशा लावू नका, मी बघते साहेबांशी बोलून वगैरे अजिबात नको.

पण हातात काहीतरी घेऊन जा. तो कागदांचा डबा प्रत्येक घरात आहे. सात वर्षं माणसाची काही खबर नसेल तर कायदा तो मेला असं धरतो, आधी ते एव्हिडन्स अ‍ॅक्टच्या १०८ कलमात होतं, जुलै २०२४ पासून नवीन भारतीय साक्ष्य अधिनियमात १११ कलम आहे. पण ते आपोआप होत नाही, सहसा कोर्टातून जाहीर करून घ्यावं लागतं तेव्हा दाखला, वारसाचं काम, बाकीचं पुढे सरकतं. किती जणींना हे कोणी सांगितलेलंच नसतं. बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, फोन नंबर १५१००. हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून प्रत्येक घरी द्या. मला वाटतं तुमचा अर्धा त्रास मी काय सांगणार इथेच आहे. सवाष्ण की नाही ते तुम्ही सांगू शकत नाही, ते खरंय, पण कुठल्या खोलीत जाऊन कोणाला भेटायचं ते सांगू शकता.

माडाखालून:

मी मालवणची, माझी लेक पण असंच काम करते हॉस्पिटलच्या प्रोजेक्टवर. तिला मी जे सांगते तेच तुला सांगते. गो बाय, पयलो जीव सांभाळ, मगे तो प्रबंध. भावाला खरं काय ते सांग, नावं नको सांगू पण तुला कसली भीती वाटते ते सांग. त्यालाही कळू दे का फोन करतेस. उशीर होणार असेल तर एक मेसेज टाकायला त्याचं काय जातं.

खाडीपलीकडची:

सगळ्यांना खरंच मनापासून थँक्यू. वाचता वाचता दोनदा उठून बाहेर जाऊन आले.

रात्रीचं टायपिंग बंद केलंय. भावाशी बोलले, तो म्हणाला आधी का नाही सांगितलंस, आता निघताना मेसेज करतो. माजी_मास्तर, तुम्ही म्हणालात तसं पत्र लिहायला घेतलंय, गाईड काय म्हणतात बघू. बंदरावरचा दादा, तुमचं पोस्ट मी आईला वाचून दाखवलं. कायद्याची माहिती तालुक्याच्या विधी सेवा समितीत जाऊन नीट विचारून मगच छापते, चुकीचं काही कोणाच्या हातात पडायला नको. सर्व्हेवाला काका, तुमचा राग नाही आला, माझ्या मनात पण तोच प्रश्न होता, मी कोण त्रास झाला म्हणणारी. म्हणूनच इतके दिवस बोलले नव्हते.

एक शेवटचं विचारायचं राहिलं, मोकळं_अंगण ताई तुम्हालाच. एका घरी बाई बोलता बोलता म्हणाल्या की आता जगून तरी काय करायचं. बोलण्याच्या ओघात म्हणाल्या का खरंच, मला कळलं नाही, आणि तेच वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. अशा वेळी गोपनीयतेचं काय करायचं?

मोकळं_अंगण:

हे आधी लिहायला हवं होतंत, पण बरं झालं लिहिलंत. आपल्याकडे असं वाक्य बायका सहज बोलून जातात हे खरं, पण अंदाज बांधत बसू नका, सरळ विचारा, "ताई, जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने कोणाच्या डोक्यात नवीन काही भरत नाही, ही भीती काढून टाका. नाही म्हणाल्या तर पुढे जाता येतं. हो म्हणाल्या तर मुलाखत तिथेच संपली. त्यांना एकटं सोडून निघायचं नाही, त्यांच्या समोर बसून १४४१६ लावायचा, आणि घरातलं किंवा शेजारचं कोणाला बोलवू हे त्यांनाच विचारून त्या माणसाला बोलवायचं. त्याच दिवशी गाईडना कळवायचं, लेखी. जिवाचा प्रश्न असेल तेव्हा गोपनीयता मोडता येते, फक्त हे संमतीपत्रात आधी लिहिलेलं पाहिजे आणि सुरुवातीलाच बोलून सांगितलेलं पाहिजे, म्हणजे त्यांना फसवल्यासारखं वाटत नाही. कमिटीकडे जी दुरुस्ती देताय त्यात हे पण घाला.

ज्या बाईंचं सांगताय त्यांच्याकडे उद्याच जा. रेकॉर्डर न घेता, एखाद्या मैत्रिणीला किंवा गावातल्या आशाताईंना बरोबर घेऊन, पण मुलाखतीत काय बोलणं झालं ते त्यांना न सांगता. जाण्याआधी मला मेसेज टाका, काय विचारायचं ते फोनवर ठरवू.